वर्गणीची पावती मिळते, मुलाची का नाही?

दादरच्या एका सोसायटीच्या मंडळात मे महिन्यातल्या मुलांच्या शिबिरावरून महिनाभर वाद चालू आहे. चार तरुण आयांनी मागणी केली: येणाऱ्या प्रत्येक मुलाचा फॉर्म भरून घ्या, प्रत्येक गटाला दोन मोठी माणसं द्या आणि मूल घरी नेताना सही घ्या. मागणी फेटाळली गेली. कारणं तीन. इथे सगळे घरचेच आहेत. आमच्या वेळी असलं काही नव्हतं, अख्खी चाळ आईबाप होती. आणि हे अमेरिकेतल्या चर्चचं खूळ आहे, आपल्या मुलांना संशयात कशाला वाढवायचं? तिसरं कारण माझ्यासाठी होतं, कारण मी अमेरिकेत राहते आणि नमुन्याचा फॉर्म इथल्या चर्चमधून मीच पाठवला होता. ‘उंटावरून शेळ्या हाकू नका’ हेही ऐकवलं गेलं.

याच मंडळात पन्नास रुपयांची वर्गणी दिली तरी पावती फाटते. मूळ पावती देणाऱ्याला, कार्बनची प्रत पुस्तकात, खाली खजिनदाराची सही. वर्षाच्या शेवटी हिशेब तपासून घेतात आणि सभेत वाचून दाखवतात. तिथे कोणी म्हणत नाही की सगळे घरचेच आहेत, पावती कशाला. खजिनदाराच्या हाती पावतीपुस्तक दिलं म्हणून त्याचा अपमान झाला असंही कोणी समजत नाही. उद्या कोणी बोट दाखवलं तर तेच पुस्तक त्याला वाचवणार, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मग साठ मुलं तीन तास ताब्यात घेताना साधी यादीसुद्धा नको, हे मला समजत नाही.

ज्या चर्चवरून मला बोल लावला गेला ते लुथरन आहे. मुंबईत चर्च म्हटलं की डोळ्यांपुढे माउंट मेरी येतं, त्यामुळे एवढं सांगायला हवं: मार्टिन लुथरला मानणारी ही प्रॉटेस्टंट मंडळी. भारतात ती 1706 सालीच आली. झिगेनबाल्ग हा जर्मन मिशनरी तेव्हा तरंगमबाडीला उतरला आणि त्याने शाळा काढल्या. पण ते सारं तमिळ किनाऱ्यावर घडलं, आपल्याकडे त्याची फारशी ओळख नाही. मी राहते त्या सेंट लुईसच्या भागात जर्मन स्थलांतरितांची जुनी वस्ती. त्यांची मिसुरी सिनड, म्हणजे त्यांच्या चर्चची संघटना, 1847 मध्ये स्थापन झाली. या लोकांची रीत अशी की चर्चच्या भिंतीला लागून शाळा, बालवाडीपासून आठवीपर्यंत. बुधवारी सकाळी सगळी शाळा चॅपलला, म्हणजे प्रार्थनेला, बसते, आणि आठवीचं मूल बालवाडीतल्या मुलाचा हात धरून त्याला आपल्या शेजारी बसवतं.

उन्हाळ्यात त्यांचं व्हीबीएस असतं, म्हणजे व्हेकेशन बायबल स्कूल. सोमवार ते शुक्रवार, सकाळी नऊ ते बारा. वय चार वर्षांपासून पाचवी संपलेल्यांपर्यंत. तयारी जानेवारीत सुरू होते. दहा-बारा मुलांचा एक गट, त्याच्याबरोबर दोन मोठी माणसं आणि हाताशी सातवी-आठवीतलं एक मूल. शिक्षक आपापल्या जागी थांबतात आणि गट फिरतात: गोष्ट, हस्तकला, खाऊ, खेळ, गाणी. प्रत्येक ठिकाणी वीस-पंचवीस मिनिटं, मग घंटा. आपल्या शिबिरात उलटं असतं. मुलं एकाच हॉलमध्ये बसून राहतात आणि ताई-दादा बदलतात. त्यामुळे दर वेळी चटई गोळा करा, रंग काढा, रंग उचला, यातच अर्धा वेळ जातो. वर चार वर्षांचं मूल वीस मिनिटांपलीकडे एका जागी टिकत नाही, ते उठतं, आणि मग सगळेच उठतात.

हस्तकलेत नेहमी फसतं ते गोंदामुळे. पातळ गोंद वीस मिनिटांत वाळत नाही, मुलं ओली वस्तू घेऊन पुढच्या खोलीत जातात आणि रडत परततात. म्हणून दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप वापरायची, लहानांचे आकार आदल्या दिवशी कापून ठेवायचे, आणि दहामागे एक संच जास्तीचा, कारण एखाद्याचं काहीतरी फाटतंच. खाऊबरोबर सरबत देत नाहीत, फक्त पाणी: सांडलं तर पुसता येतं, मुंग्या लागत नाहीत. शेंगदाणा पूर्ण बंद. ज्या मुलाला कशाचं वावडं असेल त्याच्या नावाच्या बिल्ल्यावर लाल टिकली असते, आणि खाऊ वाढणाऱ्याने ती टिकली बघूनच वाढायचं, आठवणीवर विसंबायचं नाही. खाऊची रिकामी पाकिटं दिवस संपेपर्यंत फेकत नाहीत. एखाद्याच्या अंगावर पित्त उठलंच, तर त्यात काय काय होतं ते तिथल्या तिथे वाचता येतं. आपल्याकडे चिक्कीचा डबा फिरतो आणि कोणाला काय चालत नाही हे फक्त त्याच्या आईला ठाऊक असतं, जी तेव्हा ऑफिसात असते.

आता दाराची गोष्ट, जिच्यावर सगळा वाद आहे. सकाळी मूल सोडताना एकाच आकड्याच्या दोन चिठ्ठ्या निघतात. एक मुलाच्या पाठीवर चिकटवतात, दुसरी सोडायला आलेल्याकडे राहते. न्यायला येणाऱ्याने चिठ्ठी दाखवायची, आकडा जुळला की मूल सोडायचं. चिठ्ठी हरवली तर फॉर्ममध्ये नाव आहे का ते बघतात, ओळखपत्र मागतात, आईला फोन लावतात. मूल ‘आजी’ म्हणून धावत जाऊन बिलगलं तरी हे चुकत नाही. वाचताना हे दगडासारखं वाटेल, ठाऊक आहे मला. पण मुलाचा ताबा कोर्टाने आईकडे दिलेला असतो आणि न्यायला वडिलांकडची मंडळी येतात, असं मुंबईतही घडतं. दारात उभ्या असलेल्या एकोणीस वर्षांच्या स्वयंसेवकाने अशा वेळी चेहरे वाचून निवाडा करायचा का? त्याच्या हातात आकडा असला की त्याच्यावर ते ओझं येत नाही. बाराला सगळ्या गाड्या एकदम आल्या की गर्दी होते. त्यावर उपाय म्हणजे सगळ्यात लहान गट पाच मिनिटं आधी सोडायचा आणि बाकीचे क्रमाने.

दोन माणसांचा नियम त्याहून कडक. खोलीत मुलांबरोबर एकटा मोठा माणूस कधीच नसतो. दोघं नात्यातली नसावीत. नवराबायको एक धरतात. दाराला काचेची खिडकी असते, तिच्यावर चित्रं चिकटवायची नाहीत. शौचालयाला मूल जातं तेव्हा बाहेर व्हरांड्यात कोणी तरी उभं असतं, आत कोणी जात नाही. मुलांचं काम मागणाऱ्याची पूर्वीची नोंद तपासली जाते आणि बहुतेक ठिकाणी सहा महिने नियमित आल्याशिवाय काम देत नाहीत. सगळ्यात उत्साही माणसालाही नाही. किंबहुना त्याला तर नाहीच. या देशातल्या चर्चमधून मुलांवर झालेले अत्याचार वर्षानुवर्षं दडपले गेले, त्यांची किंमत मुलांनी मोजली, आणि मग हे नियम आले. आपल्याकडे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पॉक्सो कायदा 2012 मध्ये झाला. त्यात गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकाला ती पोलिसांना कळवावीच लागते. ‘घरचेच आहेत’ म्हणणाऱ्या समितीने तो कायदा एकदा मोठ्याने वाचावा.

धर्मांतराचा मुद्दाही कोणीतरी मध्येच टाकला. त्याचं उत्तर थोडक्यात देते. ही मंडळी मुलांना लुथरन धर्मच शिकवतात, फॉर्मवर ते स्वच्छ लिहिलेलं असतं, आणि मूल पाठवायचं की नाही हे आईबापांनी ठरवायचं. आपलं बालसंस्कार वर्गाचं पत्रकही इतकंच स्वच्छ असावं.

शिकवण्याची पद्धत मात्र बघण्यासारखी आहे. 1528 च्या सुमारास लुथर आणि त्याचे सहकारी जर्मनीतल्या सॅक्सनीत गावोगावच्या चर्चची पाहणी करत फिरले, तेव्हा लोकांना साध्या प्रार्थनाही येत नाहीत हे त्याला दिसलं. पुढच्याच वर्षी त्याने घरात वडिलांनी मुलांना शिकवावी म्हणून छोटी प्रश्नोत्तरी लिहिली. दहा आज्ञा, श्रद्धेची घोषणा, प्रभूची प्रार्थना, बाप्तिस्मा, पापकबुली, प्रभुभोजन असे सहा भाग. सातवी आणि आठवीची मुलं बुधवारी संध्याकाळी ती अजूनही पाठ करतात, आणि प्रत्येक आज्ञेनंतर एकच प्रश्न येतो: याचा अर्थ काय? ‘खून करू नकोस’ या आज्ञेचा अर्थ तिथे एवढ्यावर थांबत नाही की कोणाला इजा करू नये. शेजाऱ्याच्या देहाला ज्याची गरज असेल त्यात त्याला मदत करावी, असंही मुलाला म्हणावं लागतं. रामरक्षा आणि अथर्वशीर्ष आपली मुलं याच्यापेक्षा शुद्ध म्हणतात, स्पर्धेत बक्षिसं घेतात. पण ‘आपदामपहर्तारं’ म्हणजे काय, हे परीक्षकांनी कधी विचारलेलं आहे का?

आणि काम. इथे दहा-बारा वर्षांच्या मुलाला खरं काम देतात, ज्यात चूक झाली तर सगळ्यांना दिसते. उपासनेच्या आधी वेदीवरच्या मेणबत्त्या लावायला एक मूल जातं. त्याच्या हातात पितळेची लांब दांडी असते. टोकाला एका बाजूला वाकवलेली नळी, तिच्यातून मेण लावलेली वात बाहेर येते. दुसऱ्या बाजूला विझवायची टोपी. दांडीवरच्या खिट्टीने वात पुढेमागे सरकते. बोटाच्या पेराएवढी बाहेर ठेवली की नीट जळते. जास्त काढली तर वाकून मेण खाली गळतं, आत ओढली तर नळीतच विझते. क्रूसाच्या जवळची मेणबत्ती आधी, मग बाहेरच्या. विझवताना उलट क्रमाने. नवीन मेणबत्तीची वात मेणात बुडालेली असते, ती पटकन धरत नाही, आणि मूल घाबरून दांडी हलवायला लागतं. त्याला शिकवतात की ज्योत वातीच्या बाजूला धरून थांब, मनात दहा मोज. समईची वात काडीने पुढे सारताना आजीने शिकवलेला धीर हाच. आपल्या मंडळात मात्र आरतीचं तबक समितीतल्या काकांकडून सुटत नाही, मुलांच्या हाती झांजा येतात आणि ‘बाजूला व्हा रे’.

इथलं सगळं जमतं असं नाही. आठवीनंतर कन्फर्मेशन, म्हणजे आपली श्रद्धा सगळ्यांसमोर जाहीर करण्याचा विधी, होतं, पांढरा झगा घालून मुलं वेदीपाशी उभी राहतात, फोटो निघतात, आणि त्यातली कितीतरी मुलं पुढच्या वर्षी दिसेनाशी होतात. पास्टर, म्हणजे धर्मगुरू, लोकांची ही जुनी तक्रार आहे. जी टिकतात त्यांच्याकडे आधीपासून काहीतरी सोपवलेलं असतं: आवाजाच्या यंत्रावर बसणं, व्हीबीएसचा गट, किंवा दर तीन वर्षांनी भरणाऱ्या राष्ट्रीय युवा मेळाव्यासाठी पैसे जमवणं. 2025 चा मेळावा न्यू ऑर्लिन्सला झाला. त्यासाठी मुलं वर्ष-वर्षभर गाड्या धुतात, पॅनकेकच्या न्याहाऱ्या घालतात.

आता ‘अख्खी चाळ आईबाप होती’ याबद्दल. ते खरं होतं. गॅलरीतून चार डोळे सतत खाली असायचे, कोणाचं मूल कोणाबरोबर गेलं हे न विचारता कळायचं. ती गॅलरी मला इथे रोज हवी असते. इथे मुलाला खेळायला पाठवायचं तर कॅलेंडर उघडावं लागतं आणि गाडी काढावी लागते. कन्फर्मेशन न झालेलं मूल प्रभुभोजनाच्या रांगेत येतं तेव्हा दोन्ही हात छातीवर आडवे धरतं, म्हणजे त्याला भाकर आणि द्राक्षारस मिळत नाही, पास्टर डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतो. आमच्यासारख्या घरातली मुलं या शाळेत शिकतात आणि तशीच हात बांधून उभी राहतात. प्रेमाने वागवतात ही माणसं. तरी त्या रांगेत आम्ही आत असतो आणि नसतोही, आणि मंडळाच्या वादात मी बोलले की तिथेही तेच होतं. शेळ्या हाकण्याचा आरोप म्हणून झोंबला.

पण दादरची ती चाळ आज उभी आहे का? तिच्या जागी बावीस मजले आहेत, दारं बंद असतात, आणि शिबिराला येणारी निम्मी मुलं शेजारच्या इमारतींतली आहेत, ज्यांच्या आयांना समिती नावाने ओळखत नाही. गॅलरी गेली, आणि तिचं काम करणारी दुसरी सोय अजून कोणी केलेली नाही.

अमेरिकेचा फॉर्म नको असेल तर नको. मंडळाच्या कपाटात कोरी पावतीपुस्तकं पडलेली असतील, त्यातलं एक काढा. ‘रुपये’च्या जागी मुलाचं नाव लिहा, अक्षरी रकमेच्या ओळीवर वय आणि काय खायला चालत नाही ते, ‘हस्ते’पुढे नेणाऱ्या माणसाचं नाव आणि मोबाइल. मूळ पावती आईकडे द्या, प्रत पुस्तकात राहू द्या, आणि पावतीचा क्रमांक स्केचपेनने जाड लिहून सेफ्टी पिनने मुलाच्या खांद्यामागे लावा. पुढे लावला तर मूल तो काढून खेळत बसतं.