आवडली नाही म्हटलं की पोटात का दुखतं?

आज सकाळी वाचकांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवरून माझी पोस्ट उडवली. एका नव्या कादंबरीबद्दल लिहिलं होतं. पहिला अर्धा भाग बैठक न मोडता वाचला, पण नायक गाव सोडून शहरात आल्यावर सगळी माणसं एकाच आवाजात बोलायला लागतात, तिथं माझं मन उडालं, एवढंच. शिवी नाही, टोमणा नाही. तासाभरात पोस्ट गायब आणि पर्सनलवर मेसेज, 'सर, लेखक ग्रुपवर आहेत. आपण इथे सकारात्मक राहूया.' पुढे हात जोडलेले दोन.

सकारात्मक! हा वाचनाचा ग्रुप आहे की बारशाचा कार्यक्रम?

माझे वडील प्राथमिक शिक्षक. निम्मी नोकरी एकशिक्षकी शाळांवर गेली. निवृत्तीनंतर रोज संध्याकाळी तालुक्याच्या वाचनालयात जायचे. तिथं त्यांची गाठ पडायची एसटीतून रिटायर झालेल्या एका ड्रायव्हरशी. आटपाडीकडचे, घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. या दोघांचं व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी' कादंबरीवरून जे भांडण चालायचं, तसं भांडण मी नंतर कुठल्या साहित्य संमेलनातही ऐकलं नाही.

वडिलांचं म्हणणं एकच. "सगळं झकास आहे, पण हा मास्तर शिकवतो कधी?" कादंबरीतला मास्तर राजाराम सौंदणीकर लोकांची नाणी मोडून आणतो, कज्जे मिटवतो, तालीम बांधायचं मनावर घेतो, उद्घाटनाला औंधच्या राजालाही आणतो. पण फळ्यासमोर दिसतो कितीदा? वडिलांना ते लागायचं. स्वतः अशा वाडीवर एकट्यानं चार इयत्ता सांभाळलेला माणूस, लागणारच.

अण्णा खुर्ची पुढे ओढायचे. "गुर्जी, पोरं मेंढरांमागं गेल्याली. शिकवायचं कुणाला, भित्तीला?"

मग आवाज चढायचे. ग्रंथपाल पेपरच्या टेबलावरून हळूच म्हणायचा, गुरुजी, जरा हळू. एकदा तर वडील तरातरा घरी आले आणि पुढे बरेच दिवस संध्याकाळी तिकडे फिरकलेच नाहीत. शेवटी अण्णाच दारात आले, हातात तेच पुस्तक, पान दुमडलेलं. "ह्ये बघा, हितं शिकवतोय." आईनं चहा टाकला आणि आतूनच बोलली, "तुम्ही दोघं मास्तर आणि मेंढरंच धरून बसा. ती शेकूची बायको बैलाच्या जोडीला स्वतः औताला खांदा देते, तिच्याबद्दल बोला की कुणीतरी." दोघंही गप्प. आईनं ती कादंबरी कधी वाचली होती, हेच मला तेव्हा माहीत नव्हतं.

आता सांगा, यात माडगूळकरांचा कुठं अपमान झाला? 1955 सालचं पुस्तक. तिघांनी तीन बाजूंनी ओढलं तरी टिकलंच ना?

आणि आमच्या ग्रुपवर रोज काय चालतं ते बघा. मुखपृष्ठाचा फोटो, शेजारी कॉफीचा मग, 'नुकतीच वाचून संपवली, निःशब्द, प्रत्येकाने वाचायलाच हवी'. निःशब्द असाल तर लिहिता कशाला? कुठलं पात्र पटलं नाही, कुठं कंटाळा आला, शेवट ओढूनताणून आणलाय का, एक अक्षर नाही. दोन तासांनी लेखक येऊन 'ऋणी आहे' लिहितो, खाली चाळीस बदाम. पुढच्या महिन्यात फोटो टाकणाऱ्याचं पुस्तक येतं, तेव्हा लेखक निःशब्द होतो. परतफेड. हे मी रागात लिहितोय, पण खोटं लिहीत नाहीये, तुम्हालाही ठाऊक आहे.

भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' 1963 साली आली. तेव्हापासून निम्मे वाचक तिच्यावर जीव टाकतात आणि निम्मे नाक मुरडतात. माझे वडील मुरडणाऱ्यांतले. "बापाच्या पैशावर पुण्यात राहून हा कुढतोय कशाला," म्हणायचे. पण नायकाच्या बहिणीच्या, मनीच्या मरणाची पानं त्यांनी मला स्वतः काढून दिली होती, "एवढं मात्र वाच." आवडलेलं आणि न आवडलेलं एकाच माणसाच्या एकाच पुस्तकाबद्दल असू शकतं, हे ॲडमिनसाहेबांना कुणी समजावायचं? नेमाड्यांनी तर टीका करताना कुणाची भीड ठेवली नाही, आणि त्यांच्या 'टीकास्वयंवर' या समीक्षेच्या पुस्तकालाच 1990 साली साहित्य अकादमी मिळाली. आज ते आमच्या ग्रुपवर असते तर पहिल्याच दिवशी बाहेर.

बरं, मान्य. नव्या लेखकाची अवस्था वाईट आहे. आवृत्ती हजाराची, हल्ली पाचशेचीसुद्धा, कधी कधी पदरचे पैसे घालून. त्यात कुणी कंटाळा आला लिहिलं तर जीव तुटत असेल. तुटू दे थोडा.

बायको म्हणतेय, एवढं चिडायचं काय आहे, चहा गार होतोय. चहा घेऊन पुन्हा बसलोय. राग जरा उतरलाय.

कारण एक चांगली गोष्टही सांगायची आहे. कृष्णात खोतांची 'रिंगाण' वाचली, 2023 ची साहित्य अकादमी मिळालेली. धरणात गाव गेलेलं, माणसं दुसरीकडे नेऊन बसवलेली, आणि मागं सुटलेली म्हैस आणायला देवाप्पा परत त्या रानात जातो. भाषेत शिरायला मला वेळ लागला. मध्ये तीच घालमेल पुन्हा पुन्हा येते, तिथं मी पानं भराभर उलटली. पण रान आणि म्हैस जिथं समोर येतात तिथं मान वर करता येत नाही. विस्थापितांवर मराठीत आधीही लिहिलं गेलंय. इथं जनावराचंही विस्थापन आहे, आणि ते जास्त लागतं.

वडील आता नाहीत. अण्णा आहेत, ऐंशीच्या पुढे, भिंग लावून वाचतात. त्यांना पुस्तक पाठवलं. परवा फोन आला. ना नमस्कार, ना कसा आहेस. "म्हशीचं खरं हाय. जनावर आसंच बिथारतं. पण माणूस रानात एकटा आसला म्हणून मनातल्या मनात एवढं बोलतो व्हय रं? मी रातच्या गाडीवर एकटाच आसायचो. डोसकं रिकामं आसतंय."

मी म्हटलं, अण्णा, गाडी चालवताना रस्त्याकडं लक्ष लागतं, रानात तसं नाही. तर म्हणाले, "रानात जास्त लागतं." मी देवाप्पाची बाजू घेतली, त्यांनी रस्त्याची. अर्धा तास वाद झाला. शेवटी म्हणाले, पुन्हा वाचतो, मग बोलू.

ग्रुप सोडलेला नाही, मुद्दाम. उद्या तिथं 'रिंगाण'बद्दल लिहिणार आहे, आवडलेलंही आणि खटकलेलंही. इथं ज्यांनी ती वाचली असेल त्यांनी सांगा, देवाप्पाचं ते मनातलं बोलणं तुम्हाला पटलं का? अण्णांना वाचून दाखवायचंय. नुसते बदाम टाकू नका, त्यांना दिसत नाहीत.