मुहूर्त साडेअकराचा, अक्षता अडीचला

पत्रिकेवर साडेअकराचा मुहूर्त छापायचा आणि अक्षता मात्र अडीचला टाकायच्या, ही आमच्या अमरावती जिल्ह्यातील खेड्यापाड्यांची आता रीतच झाली आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे झुकलेला असताना वरात डीजेपुढे चार घरे ओलांडायला दोन तास घेते आणि मांडवातली म्हातारी माणसे व लेकरे उपाशीपोटी घामाघूम होत राहतात. वर पुढाऱ्यांचे सत्कार. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे, असे म्हटले तर लोक हसतात. ज्या घरचा कापूस मातीमोल भावाने गेला, तेच घर या थाटासाठी सावकाराचे दार ठोठावते (आणि आपण सारे जेवून येतो, मीसुद्धा). कर्ज काढून सण-लग्ने करू नका, असे कीर्तनांतून कंठशोष करून सांगणारे गाडगेबाबा १८७६ मध्ये याच जिल्ह्यात, शेंडगावी जन्मले. आमच्या गावात त्यांच्या पुतळ्यासमोर वरात थांबते, ती नाचायला.

यंदा शेजारच्या एका मुलीने मात्र निरोप धाडून नवरदेवाला घोड्यावरून उतरवले आणि वेळेवर अंतरपाट धरायला लावला. तेव्हापासून पुतणीच्या पत्रिकेवर कोणती वेळ छापायची, यावरून आमच्या घरी भांडण पेटले आहे, आणि मी त्यात रोज तेल ओततो आहे.