रिकामी बस रस्ता अडवत नाही : सांगलीच्या ‘सात उपायां’ना उत्तर

सांगली-मिरजेच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय : ‘सांगलीची वाहतूक कोंडी संपवण्याचे सात उपाय, आयुक्तांपर्यंत पोहोचेपर्यंत शेअर करा.’ सोबत एका रिकाम्या सिटी बसचा फोटो. उपाय असे : सिटी बस बंद करा, फूटपाथ काढून रस्ते रुंद करा, चौकाचौकात उड्डाणपूल बांधा, शंभर-शंभर मीटरवर स्पीडब्रेकर टाका, सगळे रस्ते काँक्रीटचे करा, पार्किंग सगळीकडं फुकट ठेवा आणि सांगली-मिरज मेट्रो आणा.

मला हा मेसेज माझ्या मावशीकडून आला. मावशी रोज सकाळी सिटी बसनं मिरजेला दवाखान्यात ड्यूटीवर जाते. जिच्या जिवावर तिची नोकरी चालते तीच बस बंद करायची मागणी तिनं पुढं पाठवली, कारण मेसेज आकडेबिकडे घालून अभ्यासू केलाय. तो अभ्यासू नाही. त्यातला पहिलाच मुद्दा सगळ्यात घातक आहे, म्हणून त्यावर जास्त बोलतो.

‘बस रिकाम्या धावतात आणि रस्ता अडवतात.’ कोणतं वाहन रस्त्यावर किती जागा खातं हे डोळ्यांनी ठरवायची गरज नाही. रस्त्यांची मापं आणि नियम ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या १०६ क्रमांकाच्या संहितेत शहरी रस्त्यांसाठी त्याचे आकडे दिलेत. कार एक एकक धरली, तर वाहतुकीत बसचा वाटा पाच टक्क्यांच्या आसपास असताना एक बस २.२ आणि दहा टक्के किंवा जास्त असताना ३.७. दुचाकी त्याच हिशोबानं ०.५ आणि ०.७५. आपल्या रस्त्यावर दुचाकींचा वाटा दहा टक्क्यांच्या कितीतरी वर आहे आणि बस हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. म्हणजे आपल्याला दुचाकीचा ०.७५ आणि बसचा २.२ लागू होतो.

आता चाळीस माणसं मिरजेला न्यायचीत. एका दुचाकीवर सरासरी दीड माणूस धरला तर सत्तावीस गाड्या, म्हणजे वीस एककं. एका बसमध्ये तीच माणसं सव्वादोन एककांत बसतात. बस पूर्ण भरलेली नसली तरी काय होतं, तेही बघा. २.२ एककं म्हणजे तीन दुचाकी, त्यावरची साडेचार माणसं. बसमध्ये पाच प्रवासी असले तरी ती दुचाकींपेक्षा कमी रस्ता खाते. बसला सगळ्यात प्रतिकूल आकडे लावा, ३.७ आणि ०.५, तरी बारा प्रवाशांत हिशोब बसच्या बाजूनं झुकतो. शिवाय बस स्टँडवर माणसं उतरवून निघून जाते, सत्तावीस दुचाकी मात्र दिवसभर कुठंतरी लावाव्या लागतात. ती जागा या हिशोबात धरलेलीच नाही.

मग फोटोतली बस रिकामी का? त्याचं कारण दोन बसमधल्या अंतरात आहे. सांगली स्टँड ते मिरज स्टँड ढोबळ दहा किलोमीटर धरू. थांबे, सिग्नल धरून बसचा वेग ताशी पंधरा किलोमीटर पडला तर जायला चाळीस मिनिटं, यायला चाळीस आणि दोन्ही टोकांना पाच-पाच मिनिटं. एका बसची फेरी नव्वद मिनिटांची. दर दहा मिनिटांनी बस हवी असेल तर या एका मार्गावर नऊ बस लागतात, शिवाय बिघाडासाठी एखादी राखीव. तीन बस दिल्या तर अर्ध्या तासानं एक येणार. अर्धा तास थांब्यावर उभं राहायला कुणाला परवडतं? माणूस वडापनं, म्हणजे सीटमागं पैसे घेणाऱ्या खासगी जीपनं, जातो किंवा हप्त्यावर गाडी घेतो. मग ‘प्रवासी नाहीत’ म्हणून तीनच्या दोन बस होतात. प्रवासी गेले म्हणून बस कमी झाल्या असं सांगितलं जातं, पण घडलेलं असतं उलटं.

दुसरी गोष्ट थांब्यावर उभं राहणाऱ्या प्रत्येकानं पाहिलीय. वीस मिनिटं काहीच येत नाही आणि मग दोन बस एकामागं एक येतात, पहिली खच्चून भरलेली, दुसरी रिकामी. पहिली बस कुठल्यातरी चौकात चार मिनिटं अडकली. तेवढ्या वेळात पुढच्या थांब्यावर माणसं वाढली, त्यांना चढायला वेळ लागला, ती आणखी मागं पडली. मागच्या बसला थांब्यावर कुणीच उरलं नाही, म्हणून ती भराभर येऊन तिला चिकटली. फोटो काढणाऱ्यानं बहुधा ही दुसरी बस टिपलीय. यावरचा उपाय बंद करणं नव्हे. मार्गाच्या मध्यावर, समजा विश्रामबागला, वेळ पाळायचा थांबा ठेवायचा आणि लवकर आलेली बस नियंत्रकानं दोन-तीन मिनिटं रोखून सोडायची. त्याला एक माणूस आणि एक घड्याळ लागतं. सकाळी एमआयडीसीकडं भरून गेलेली बस परत येताना मोकळीच येणार, हेही समजून घ्या. ती परत आलीच नाही तर पुढच्या फेरीला काय धावणार?

आता या मुद्द्यातला अर्धा खरा भाग, नाइलाजानं का होईना, मान्य करतो. बस रस्त्याच्या मध्यात उभी राहते आणि मागं रांग लागते, हे रोज दिसतं. पण बस मध्यात का थांबते ते पाहायला थांब्यावर जा. बारा मीटरच्या बसला कडेला लागून परत निघायला तिच्या लांबीच्या दुपटीहून जास्त मोकळी कड लागते. तिथं तीन रिक्षा, एक वडापची जीप आणि वडापावची गाडी उभी असते. ड्रायव्हरनं बस कुठं घालायची? त्यात थांबा बहुतेक वेळा चौकाच्या अलीकडं, सिग्नलच्या तोंडाशी असतो. प्रवासी चढेपर्यंत हिरवा दिवा संपतो आणि मागच्यांचाही जातो. थांबा चौक ओलांडून पलीकडं नेला, पिवळे पट्टे मारले आणि तिथं कुणाला उभं राहू दिलं नाही, तर हीच बस कुणाला आडवी येत नाही.

पैशाचं म्हणाल तर केंद्रानं ऑगस्ट २०२३ मध्ये पीएम ई-बस सेवा योजना मंजूर केली. दहा हजार बस, तीन ते चाळीस लाख लोकसंख्येच्या शहरांसाठी, किलोमीटरमागं मदत दहा वर्षं. २०११ च्या जनगणनेत सांगली-मिरज-कुपवाडची लोकसंख्या ५,०२,७९३ होती, म्हणजे आपण त्या मापात बसतो. अशा वेळी ‘बस बंद करा’ असे हजारो मेसेज फिरवणं म्हणजे ताटात येऊ शकणारा घास आपणच परत पाठवणं. मागायचंच असेल तर डेपो, चार्जर आणि फेऱ्यांचं वेळापत्रक मागा.

‘फूटपाथ काढा, रस्ता रुंद होईल.’ रोड्स काँग्रेसच्या फूटपाथविषयीच्या संहितेप्रमाणे चालायला मोकळा पट्टा किमान १.८ मीटर हवा. तो काढून मिळणार तेवढेच १.८ मीटर, आणि गाड्यांची एक लेन असते साडेतीन मीटरची. मिळालेल्या पट्टीत लेन बसत नाही, पार्किंग मात्र बसतं, आणि आठवड्याभरात बसलेलं असतं. वर फूटपाथवरचा माणूस आता त्या पार्किंगच्या बाहेरून, म्हणजे गाड्यांच्या वाटेतून चालणार. फूटपाथ वापरात नाहीत हे खरं आहे, पण का नाहीत? फूटपाथची कड रस्त्यापासून पंधरा सेंटिमीटरपेक्षा उंच नको असं असताना आपल्याकडं ठिकठिकाणी गुडघ्याला येईल एवढी असते. दर दुकानापाशी उतार, मध्येच विजेची डीपी, त्यापुढं उघडं चेंबर. साठी ओलांडलेल्या माणसानं शंभर मीटरमध्ये दहा वेळा चढ-उतार करायचा का?

शिवाय कोंडी रस्त्याच्या मध्यावर होत नाही, चौकाच्या तोंडाशी होते. सिग्नलवर हिरवा दिवा असताना किती गाड्या सुटतील याचा अभियंत्यांचा ठोकताळा आहे : थांबरेषेपाशी रस्त्याची रुंदी मीटरमध्ये घ्या आणि ५२५ नं गुणा; रुंदी साडेपाच मीटरहून कमी असेल तर गुणाकार न करता तक्त्यातला आकडा घ्या. सात मीटर रुंदी असेल तर तासभर सलग हिरवा दिवा धरून ३,६७५ एककं, म्हणजे तेवढ्या कार. त्याच ठिकाणी एक टेम्पो माल उतरवायला उभा राहिला आणि दोन मीटर गेले, की तक्त्याप्रमाणे २,५५०. चौकाच्या क्षमतेचा चौथ्या हिश्श्याहून जास्त भाग एका टेम्पोनं खाल्ला. पुष्पराज चौक असो की राम मंदिर चौक, थांबरेषेपासून मागं पन्नास मीटर एकही गाडी, हातगाडी, रिक्षा उभी राहू दिली नाही तर जो फरक पडेल तो अर्धा किलोमीटर फूटपाथ फोडून पडणार नाही.

पार्किंगचा मुद्दा इथंच येतो. कापडपेठेत दहा गाड्यांची जागा फुकट असेल तर सकाळी नऊला दुकानातल्याच दहा गाड्या लागतात आणि संध्याकाळी सहाला हलतात. दिवसाला दहा गाड्या. पाऊण तासाला पैसे घेतले तर त्याच जागेत दिवसात एकशेवीस गिऱ्हाइकं गाडी लावून जातात. फुकट पार्किंगचा तोटा आधी व्यापाऱ्याला होतो, आणि जागा शोधत घिरट्या घालणाऱ्या गाड्या कोंडी वाढवतात त्या वेगळ्याच.

उड्डाणपुलाखालून ट्रक जायला साडेपाच मीटर उंची सोडायची, वर गर्डर-स्लॅबची जाडी, म्हणजे पुलाचा माथा सात मीटरच्या वर. तीस मीटरला एक मीटर चढ धरला तर एका बाजूचा उतार दोनशे दहा मीटरहून लांब. दोन्ही बाजू आणि मधला चौक मिळून अर्धा किलोमीटर. सांगली-मिरज रस्त्यावर एका चौकापासून अर्धा किलोमीटर चालत जा आणि दुसरा चौक कुठं लागतो ते बघा. गाड्या वरून सुटून त्याच्या तोंडाशी उतरणार.

स्पीडब्रेकरचं मात्र सोडवत नाही, कारण त्यानं माणसं जायबंदी होतात. रोड्स काँग्रेसच्या संहितेतला गोल माथ्याचा ब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. ताशी पंचवीसनं त्यावरून गाडी अलगद जाते. आपल्याकडं रात्रीत जो टाकला जातो तो हातभर रुंद आणि वीतभर उंच. त्यावर पट्टे नाहीत, आधी फलक नाही. मिरजेत दवाखाने एवढे, त्यांच्याकडं जाणाऱ्या ॲम्ब्युलन्स दिवसरात्र चालू. मणक्याला मार लागलेला पेशंट अशा पाच ब्रेकरवरून नेऊन बघा म्हणजे कळेल. आणि या उंचवट्याच्या अलीकडं पावसाचं पाणी अडतं, डांबर सुटतं आणि बरोबर तिथंच खड्डा पडतो. शाळेपाशी, दवाखान्यापाशी ब्रेकर हवाच, पण मापाचा.

मेट्रोवर शब्द घालवत नाही. २०१७ च्या मेट्रो धोरणातच आधी स्वस्त पर्याय तपासायची अट आहे, आणि नऊ बस वेळेवर सोडणं हा तो पर्याय.

काँक्रीट. यात तथ्य आहे. मारुती चौक, स्टँड परिसर अशा पाणी साचणाऱ्या ठिकाणी, खाली काळी माती, तिथं डांबर टिकत नाही आणि काँक्रीट टिकतं. पण जुना थर न खोदता वर वीस-पंचवीस सेंटिमीटर ओतलं की रस्ता दुकानांच्या आणि गटाराच्या वर जातो आणि पाणी घरात शिरतं. खालून पाण्याची, ड्रेनेजची लाइन आणि केबल जायला आधी पाइप टाकलेले नसतील तर वर्षभरात कुणीतरी कटर लावणार, आणि एकदा कापलेला पॅनेल पूर्ण काढून नव्यानं ओतल्याशिवाय नीट होत नाही.

बाकी गल्लीबोळांत डांबरच पुरतं, फक्त ते नीट करून घ्या. पाइपलाइनचा चर भरताना मुरूम पंधरा-पंधरा सेंटिमीटरच्या थरांनी, पाणी मारून, प्रत्येक थर दाबून भरायचा. एकदम ढिगारा लोटला की पहिल्याच पावसात चर खचतो. खड्डा बुजवताना कडा चौकोनी आणि उभ्या कापायच्या, आतली माती-पाणी काढायचं, तळाला आणि कडांना इमल्शन (पाण्यात मिसळलेलं पातळ डांबर) मारायचं आणि मगच गरम माल टाकायचा. नेहमीच्या व्हीजी-३० डांबराचा माल टाकताना १४० अंशांच्या खाली नको आणि ९० अंशांवर यायच्या आत रोलर फिरून झाला पाहिजे. डंपर ताडपत्री न झाकता लांबून आला आणि तासभर उभा राहिला तर तो माल परत पाठवा. रस्ता झाल्यावर मधून कडेला आडवी दोरी ताणून बघा : साडेतीन मीटरमध्ये आठ-नऊ सेंटिमीटर उतार मिळाला तर पाणी गटारात जाईल.