माशाचा मिस्ड कॉल

माझे आजोबा मालवणात कोळंबच्या खाडीवर गळाने मासे गरवायला जायचे, तेव्हा त्यांच्याकडेही मासा लागल्याचं कळवणारा अलार्म होता. तंगुसाच्या दोऱ्याचं एक टोक पाण्यात, दुसरं उजव्या पायाच्या अंगठ्याला, आणि मधे आजोबा आडवे. मासा लागला की अंगठा हलायचा आणि अंगठा हलला की आजोबा. ना बॅटरी, ना वॉरंटी.

हे मी इंग्लंडात, रेडिंगजवळच्या एका तळ्याकाठी, ऑफिसातल्या गोऱ्या मित्राला मोठ्या अभिमानाने सांगितलं. त्याने माझ्या पायांकडे बघितलं. बाहेर चार अंश तापमान होतं, मी दोन मोज्यांवर गमबूट चढवले होते. "आयडिया चांगली आहे," तो म्हणाला, "पण बूट घातल्यावर काय करायचे ते?"

तिथून हे सगळं सुरू झालं.

इथली कार्पची मासेमारी म्हणजे आपल्याकडच्या रोहू-कटल्याच्या गोऱ्या चुलतभावाला भेटायला जाणं. भेटायलाच, कारण पकडलेला मासा ओल्या गादीवर निजवायचा, गळाची गरी हलक्या हाताने काढायची, फोटो घ्यायचा आणि पुन्हा पाण्यात सोडायचा. आमिषही गांडूळ-बिंडूळ नाही. रवा, सोयाबीनचं पीठ आणि अंडी एकत्र मळून, वळून, उकडलेल्या गोळ्या. बायकोला पहिल्यांदा पाकीट दाखवलं तर तिने वास घेऊन विचारलं, "लाडू बिघडले का?" ही गोळी गरीला नव्हे, गरीमागच्या केसाएवढ्या दोऱ्याला ओवायची आणि साठ-सत्तर मीटर लांब फेकायची. मासा ती तोंडात ओढतो, दोऱ्याला बांधलेल्या जड शिशाचा हिसका बसतो, तो स्वतःच स्वतःला अडकवून घेतो आणि पळत सुटतो. तुमचं काम एवढंच की तो पळतोय हे तुम्हाला कळलं पाहिजे. रात्री, तंबूत, झोपेत.

सुरुवातीला मी काटकसर म्हणून मुलीच्या कथकच्या चाळातलं एक घुंगरू काढून काठीच्या शेंड्याला बांधलं. वारा सुटला. रात्रभर तीनताल चालला होता. पहाटे शेजारचा गृहस्थ चहाचा मग घेऊन आला आणि आमचा कुठला सण आहे का, असं अगदी अदबीने विचारून गेला.

मग ठरलं, अलार्मच घ्यायचा. म्हटलं, असून असून काय असणार त्यात? एक खाच, खाचेत छोटं चाक, चाकात चुंबक. दोरा सरकला की चाक फिरतं, चुंबक आतल्या स्विचजवळून जातो, टीं होतं. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात याला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं असतं. किंमत मात्र दहा-पंधरा पौंडांपासून सुरू होते आणि शंभराच्या वर कुठेतरी धुक्यात नाहीशी होते.

दुकानदाराने पहिलाच प्रश्न टाकला, "चाक की कंपन?" म्हणजे दोरा सरकल्यावर वाजणारा हवा की नुसता थरथरला तरी वाजणारा. दुसऱ्या प्रकारात मासा गोळी चाखून थुंकला तरी कळतं म्हणे. मला वाटलं, माशाला माझा स्वयंपाक आवडला नाही हे मला रात्री तीन वाजता कळायलाच हवं का? मग आवाजाची पट्टी, आवाजाची पातळी, संवेदनशीलता, दिव्याचा रंग. मासा उलटा आपल्याच दिशेने आला तर दोरा सैल पडतो, त्यासाठी वेगळा सूर. हे सगळं सांगून झाल्यावर त्याने सगळ्यात महाग मॉडेलचं मुख्य वैशिष्ट्य सांगितलं: हा पूर्ण गप्प करता येतो. काठावर मोठा आवाज ठेवणं असभ्य समजतात. म्हणजे पंधरा पौंडांत वाजणारा अलार्म मिळतो आणि शंभरात न वाजणारा.

मी आयटीतला माणूस. घरी येऊन एक्सेल उघडली. सोळा मॉडेल, अकरा रकाने. तीन आठवडे गेले. मधल्या काळात बायकोने घरासाठी फ्रिज निवडला, मागवला, तो आला, लागला आणि त्यात भाजी सडलीसुद्धा.

या खुळाचा इतिहासही मी त्याच तीन आठवड्यांत वाचून काढला. विजेवरचा अलार्म बनवणाऱ्या पहिल्या मंडळींत रिचर्ड वॉकर नावाचा गृहस्थ होता. त्यानेच 1952 साली हेरफर्डशायरमधल्या रेडमायर तळ्यात 44 पौंडांचा, म्हणजे वीस किलोचा विक्रमी कार्प धरला. धरला आणि लंडनच्या प्राणिसंग्रहालयाला देऊन टाकला. तिथे तिचं क्लॅरिसा असं बारसं झालं आणि 1971 पर्यंत ती बाई काचेच्या टाकीत सुखाने राहिली. मालवणात सापडती तर तिने पुढचा रविवार पाहिला नसता.

पुढचा घोळ संख्येचा. इथे गळ टाकायला सरकारी परवाना लागतो, तो दोन काठ्यांचा. तिसरी काठी हवी तर वेगळे पैसे. मी दोनच काठ्यांचा परवाना घेतला आणि अलार्म तीनचा संच, कारण त्यावर रिसीव्हर, म्हणजे अलार्मचा आवाज तंबूत ऐकवणारी डबी, सवलतीत होता. रिसीव्हरचा पल्ला दीडशे मीटर. हे मी मित्राला फुशारकीने सांगितलं तर तो म्हणाला, काठ्या सोडून लांब जाणं हा इथे गुन्हा आहे, हाताशीच राहावं लागतं. म्हणजे दीडशे मीटरच्या यंत्राने मी सव्वातीन मीटरवरची बातमी ऐकणार. बायकोला मी एकाच अलार्मची किंमत सांगितली. खोटं नाही ते. बाकीच्या दोघांचा विषय निघाला नव्हता.

पहिल्या रात्री पावणेबाराला टीं झालं. एकच. मी झोपण्याच्या पिशवीसकट उडी मारली आणि पोत्यांच्या शर्यतीसारखा काठीपर्यंत गेलो. काही नाही. मासा जाता जाता दोऱ्याला घासून गेला, की होतं असं. थोडक्यात, माशाचा मिस्ड कॉल. त्या रात्री मला असे एकवीस मिस्ड कॉल आले. त्यातला एक बदकाचा होता, हे बदकाने ओरडून कबूल केलं.

साडेतीनला मात्र अखंड सूर लागला. टींऽऽऽ! चेन उघडली, एका पायात बूट, कपाळावर दिवा, बाहेर. बघतो तर काठावर तीन तंबूंतून तीन माणसं त्याच अवस्थेत बाहेर आलेली. सगळ्यांनी एकाच कंपनीचा माल घेतलेला आणि सूर कारखान्यातला तसाच ठेवलेला. लग्नाच्या हॉलमध्ये एक फोन वाजला की दहा जण खिसा चाचपतात, तसं. मासा तिसऱ्याचा निघाला. आम्ही उरलेल्यांनी एकमेकांना गुड मॉर्निंग केलं.

मी वैतागून दोन्ही अलार्म गप्प करून झोपलो. अखेर त्याच वैशिष्ट्याचे पैसे मोजले होते. सकाळी सहाला लघवीला उठलो तेव्हा डावी काठी स्टँडवरून निम्मी सरकली होती आणि रीळ वेड्यासारखी फिरत होती. अकरा पौंडांचा निघाला. तो बहुधा बराच वेळ माझी वाट बघत असावा, कारण फारसा भांडला नाही.

आईला व्हिडिओ कॉल केला.

"गावलो?"

"गावलो. पाच किलो."

"शिजवलंस कसो?"

"सोडलंय."

"सोडलंस? मगे धरलंस कित्याक?"

"हयचो नियम आसा, आई."

"खयचो मासो?"

"तळ्यातलो."

"गोड्या पाण्यातलो?" तिचा चेहरा उजळला. "मगे बरा केलंस."

मी विषय आजोबांच्या अंगठ्याकडे वळवला. म्हटलं, यंत्राने काय होतंय, खरी कला त्यांची. आई हसायलाच लागली. "तुझो आजो खयचे मासे गरवता! घरात पोरां झोपाक देयत नाय, म्हणान थंय जावन झोपायचो. दोरी दाखवण्यापुरती. गरी तरी होती काय तिका, कोण जाणे." मग जरा थांबून म्हणाली, "पण ता तुझा वाजता ता केवढ्याक घेतलंस?"

तेवढ्यात बायको चहा घेऊन खोलीत आली.

"आई," मी म्हणालो, "तुझो आवाज तुटता."