शिट्टी हे माप नव्हे : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘सुगरणीचा मुलगा’ यांस,

विजेवरच्या प्रेशर कुकरबद्दलच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेलं परवा रात्री वाचलं. काल दिवसभर गप्प बसलो. उत्तर देऊ नका, असं सौ.ही म्हणाली. पण आज सकाळी मटकी भिजत घालताना तुमची ती ओळ पुन्हा डोक्यात आली आणि मटकीत पाणी जास्त पडलं. तेव्हा आता लिहूनच टाकतो.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी ती जशीच्या तशी देतो : ‘काका, लेख फार लांबला आहे. छोले २० मिनिटांत होतात म्हणता, पण प्रेशर चढायचा आणि उतरायचा वेळ कोण धरणार? पाऊण तास सरळ जातो. नऊ हजारांच्या यंत्राचं प्रेशर गॅसच्या कुकरपेक्षा कमी असतं, हे का नाही सांगितलंत? लाइट गेली तर काय? आधी मटण सोडलं, मग दूध सोडलं, आता गॅसही सोडा. ज्यांना साध्या शिट्ट्या मोजता येत नाहीत त्यांनी खुशाल असली यंत्रं घ्यावीत. आमच्या आईने तीन शिट्ट्यांवर चाळीस वर्षं संसार केला.’

‘काका’ला माझी हरकत नाही, वय ६६ आहे. लेख लांबला हेही कबूल, माझं बोलणंही लांबतं. पण ‘खुशाल’ हा शब्द मराठीत कधी वापरतात ते तुम्हालाही ठाऊक आहे. तो परवानगीचा शब्द नाही, हात झटकण्याचा आहे.

तुमचं जे खरं आहे ते आधी मान्य करतो, नाहीतर म्हातारा हेकट आहे म्हणाल. छोल्यांचा हिशेब माझ्याकडून अर्धवट लिहिला गेला. रात्रभर भिजवलेले छोले प्रेशरखाली २० मिनिटं, हे बरोबर. पण त्याआधी प्रेशर धरायला १२ ते १५ मिनिटं जातात, आणि वाफ आपली आपण उतरू दिली तर नंतर आणखी १५ ते २०. एकूण पन्नासेक मिनिटं धरा. लेखात तसं लिहायला हवं होतं. (गॅसच्या कुकरलाही चढा-उतार असतोच. त्याचा हिशेब कुणी मांडत नाही, तुम्हीही मांडला नाहीत. असो.)

आता शिट्ट्या.

साहेब, मी १९८७ ते २०१८ अशी ३१ वर्षं साखर कारखान्याच्या बॉयलर हाउसमध्ये काढली. बॉयलर अटेंडंटची परीक्षा दिलेला माणूस आहे. सुरुवातीला २१ किलोचे जुने बॉयलर होते, नंतर ४५ किलोचे आले. आमच्याकडे प्रेशरला, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवरच्या किलोला, नुसतं ‘किलो’ म्हणतात. गाळप हंगामात तीन पाळ्यांत नजर गेजवर आणि ड्रमच्या पाण्याच्या काचेवर. एवढ्या वर्षांत कुठल्याही फोरमननं मला ‘सेफ्टी वॉल्व किती वेळा उडाला त्यावरून वाफ किती झाली ते सांग’ असं विचारलेलं नाही. उलट वॉल्व उडाला की शिफ्ट इंजिनिअर धावत यायचा आणि चार शब्द सुनवायचा. कारण उडालेली वाफ म्हणजे जळालेला बगॅस (उसाचा चोथा, तेच आमचं जळण) आणि वाया गेलेलं पाणी. आणि घरात त्याच आवाजाला आपण घड्याळ करून बसलोय!

कुकरची शिट्टी म्हणजे काय हो? भांड्यातलं प्रेशर १ किलोच्या आसपास गेलं की वाफ वरचं वजन उचलते, थोडी बाहेर पडते, वजन परत बसतं. त्यातून एवढंच कळतं की या क्षणी आत वाफ जास्त झाली. दाणा शिजला का, हे ती सांगत नाही. आच मोठी असेल तर चार-पाच मिनिटांत पाच शिट्ट्या होतात आणि राजमा आत कच्चाच. आच अगदी बारीक करा, अर्धा तास एकही शिट्टी होणार नाही आणि डाळीचं पिठलं होईल. तीन लिटरच्या कुकरची शिट्टी वेगळी, पाच लिटरची वेगळी. भांडं किती भरलंय, बर्नर लहान की मोठा, रबर नवं की जुनं, प्रत्येकानं हिशेब बदलतो. कुकरबरोबर येणारी पुस्तिका तुमच्या घरी शिल्लक असेल तर उघडून बघा. तिथे प्रेशर आल्यावर आच कमी करून किती मिनिटं ठेवायचं ते दिलेलं असतं. शिट्ट्या आपण आपल्या सोयीनं आणल्या.

तुमच्या आईंबद्दल मी वावगं काही बोलणार नाही. फक्त एक सांगतो. तीन शिट्ट्या झाल्यावर त्या आच बारीक करून आणखी काही मिनिटं कुकर ठेवत असणार, आणि झाकण पडल्यावर एक दाणा बोटांत दाबून बघत असणार. ते तुम्हाला दिसलं नसेल, कारण तुम्ही तेव्हा ताटावर बसून शिट्ट्या मोजत असणार. माझ्या आईनं घरात कुकर पाहिला १९८१ साली. त्याआधी चूल आणि पितळी पातेलं. तिला शिट्टी नव्हती, घड्याळ नव्हतं. डावावर चार दाणे घ्यायची, एक चिमटीत दाबायची. सुगरणी सगळ्यांच्याच घरी होत्या. त्यांची पुण्याई आपण प्रतिक्रियांत किती खर्च करायची?

आणि ‘ज्यांना शिट्ट्या मोजता येत नाहीत’ हे तुम्ही चेष्टेनं लिहिलंत ना? मला खरोखरच मोजता येत नाहीत. बॉयलर हाउसमध्ये पंखे, फीड पंप, टर्बाइनची घरघर, आणि त्या काळी कानाला कापसाचा बोळा हीच सुरक्षा. अशा आवाजानं आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. माणसाचं बोलणं अर्धंमुर्धं कळतं, पण शिट्टी, मोबाइलची रिंग, नातीची हाक, हे जातं. २०१९ मध्ये माझी अँजिओप्लास्टी झाली, पाठोपाठ सौ.च्या गुडघ्यांनी दगा दिला आणि ओट्यासमोर मी उभा राहिलो. पहिल्या महिन्यात दोनदा तूरडाळ करपली. सौ. हॉलमधून ‘अहो, सहा झाल्या!’ म्हणून ओरडत होती, तेही मला ऐकू आलं नाही. तेव्हा मुलीनं हे यंत्र पाठवलं. म्हणजे तुमचं वाक्य माझ्या बाबतीत अक्षरशः खरं आहे. म्हणूनच ते लागलं, हेही कबूल करून टाकतो.

मटण आणि दूध सोडल्याचा टोमणा तुम्ही एका कोल्हापूरकराला मारताय, याची जाण ठेवा. गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पीत मोठा झालेला माणूस आहे मी. तांबडा-पांढरा माझ्याइतका तुम्ही ओरपला नसेल. ते सोडताना काय वाटलं, तो माझा प्रश्न. तुमच्या ताटातला रस्सा मी काढून घेतला नाही.

गंमत अशी की लेखाचा मुख्य विषय होता, डाळी-कडधान्यांवर चालणाऱ्या घरानं असा कुकर निवडताना काय बघावं. त्यावर तुम्ही एक अक्षर लिहिलं नाहीत. तेव्हा पुन्हा सांगतो, तुमच्यासाठी नव्हे तर बाकीच्यांसाठी. आतलं भांडं स्टीलचं हवं. आपली आमटी चिंच, आमसूल, टोमॅटोची, आणि वर डावाची घासाघीस, नॉनस्टिकचा थर किती दिवस टिकणार? दुसरं, लो प्रेशरचं बटण हवंच. यावर मी अडून बसेन. मोड आलेली मटकी, सोललेले कडवे वाल, मूग, यांना हाय प्रेशर म्हणजे शिक्षा आहे. लो वर मोडाची मटकी मिनिट-दोन मिनिटं, मग वाफ लगेच सोडायची, दाणा अख्खा राहतो. शिट्टीच्या कुकरमध्ये मटकीची उसळ अख्खी राहिली असेल तर तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा, हे मनापासून.

पंधरा-वीस तयार बटणांना भुलू नका. मिनिटं हातानं लावता आली पाहिजेत, बाकी बटणं शोभेची. उशिरा सुरू होण्याची सोय मात्र कामाची : रात्री राजमा पाण्यात घालून झोपायचं, पहाटे पाचला यंत्र आपलं आपण चालू. पण त्याच यंत्रावर ‘स्लो कुक’ असेल तर तिथे राजमा अजिबात लावू नका. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी द्रव्य असतं. ते जायला राजमा खळखळून उकळावा लागतो, आणि मंद आचेवर तेवढी उष्णता मिळेलच असं नाही. पोटाचे हाल होतात. माप दोघांना ३ लिटर पुरतं, चार-पाच माणसांना पावणेसहा, आणि कडधान्य फेसाळतं म्हणून भांडं अर्ध्याच्या वर भरायचं नाही. झाकणातलं सिलिकॉनचं रबर वास धरतं, तेव्हा दोन ठेवावीत. एक मसाल्याच्या आमटीचं, दुसरं गोडाचं आणि सोयाबीनच्या दुधाच्या दह्याचं. आमच्याकडे पहिल्या आठवड्यात सोयाच्या दह्याला कांदा-लसणीचा वास लागला होता. ते दही सौ.नं मुकाट्यानं खाल्लं. मला जमलं नाही.

अमेरिकेहून कुणी कुकर आणून देतो म्हणाला तर खाली व्होल्ट वाचा. तिकडचा १२० वर चालतो, आपल्याकडे २३० येतात. भाच्यानं प्रेमानं आणलेला पहिल्याच दिवशी धूर सोडून गेला.

प्रेशर कमी असतं, हा तुमचा शोध बरोबर आहे. हाय वर ०.७ ते ०.८ किलो. माझ्या जुन्या स्टीम टेबलात, म्हणजे किती प्रेशरला वाफ किती तापते त्या तक्त्यात, बघितलं तर १ किलोला १२० अंश, आणि या यंत्राला ११५ ते ११७. तीन-पाच अंशांसाठी मिनिटं थोडी वाढवायची. यात लपवण्यासारखं काय होतं? लिहायचं राहिलं, बस्स.

किमतीबद्दल मी वाद घालत नाही. ज्याला परवडत नाही त्यानं घेऊ नये, मलाही मुलीनं दिला. विजेचं म्हणाल तर एका वेळच्या छोल्यांना पाव ते अर्धा युनिट.

लाइट गेली तर? मागच्या जुलैत गेली, छोले चढल्यावर दहाव्या मिनिटाला. झाकणाला हात लावला नाही. प्रेशर हळूहळू आपलं आपण उतरलं. अर्ध्या तासानं उघडलं तर दाणा जरा टणक होता. मग गॅसवर ठेवला, पातेल्यात, शिट्टीशिवाय.

हे सगळं सौ.ला वाचून दाखवलं. ती म्हणाली, एवढं पुराण लिहिण्यापेक्षा आधी लेखातले छोले दुरुस्त करा. केले. आता तिथे ‘एकूण ५० मिनिटं’ असं आहे. ‘खुशाल’ तेवढं तुम्ही मागे घ्या.