पाळणाघरातलं मूल ‘परकं’ होतं का? फिरत्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

एक मेसेज सध्या घराघरांतल्या ग्रुपांवर फिरतो आहे. पाळणाघरातल्या बाळाने आईला लिहिलेलं पत्र, आणि त्याखाली सहा मुद्दे. तीन वर्षांच्या आत मूल दुसऱ्याच्या हाती दिलं की आईशी त्याचं नातं तुटतं, हे म्हणे शास्त्राने सिद्ध झालंय. पूर्वीच्या आया घरी राहून मुलं वाढवायच्या. आजी असो की बाई, मूल घरीच हवं. पाळणाघरातली मुलं सारखी आजारी पडतात. तिथे मुलांना मारतात. आणि शेवटचा मुद्दा असा, की अर्धा पगार पाळणाघराला द्यायचा तर नोकरी करायचीच कशाला?

माझ्या धाकट्या नणंदेने तो मला पाठवला. खाली एवढंच लिहिलं होतं, ‘वहिनी, हे खरं असतं का गं?’ तिची बाळंतपणाची रजा संपत आली आहे. अशा दिवसांत बाई आधीच अर्धी झालेली असते, त्यात हे वाचायचं. माझी दोन्ही मुलं पाळणाघरात वाढली आहेत, त्यामुळे उत्तर द्यायचं तर नीट द्यावं म्हणून बसले.

‘शास्त्राने सिद्ध झालंय.’

शास्त्राचं नाव घेतलंय तर आधी ते शास्त्र बघू. या दाव्याचं मूळ जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाने १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी केलेल्या अहवालात सापडतं. दुसऱ्या महायुद्धानंतर बेघर झालेल्या, अनाथालयांत आणि संस्थांत राहणाऱ्या मुलांचा प्रश्न त्याच्यासमोर होता. आईबापांपासून महिनोन्‌महिने, कधी कायमची तुटलेली मुलं. त्या मुलांचं जे नुकसान झालं ते खरंच होतं आणि भयंकर होतं. पण सकाळी नऊला सोडलेलं आणि संध्याकाळी सहाला आईच्या किंवा बाबाच्या गळ्यात पडलेलं मूल हा त्या अहवालाचा विषय नव्हता. अनाथालयातल्या मुलाचं दुःख उचलून पाळणाघरातल्या मुलाच्या माथी मारणं म्हणजे शास्त्र नव्हे.

पुढे १९६४ साली शॅफर आणि इमर्सन या मानसशास्त्रज्ञांनी ग्लासगोमधल्या ६० बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दीड वर्षाची होईपर्यंत त्यातल्या बहुतेक बाळांना एकापेक्षा जास्त माणसांचा लळा लागलेला होता: आई, वडील, आजी, कधी शेजारीण. आईच्या वाटणीचं प्रेम कोणी पळवलं असं काही झालं नव्हतं. ज्या घरात आजोबा फिरायला घेऊन गेल्याशिवाय नातवाला घास उतरत नाही, त्या घराला हे समजावून सांगायला नको.

इस्रायलच्या किबुत्झ या सामुदायिक वसाहतींमधून आणखी एक गोष्ट कळली. तिथे दिवसा सगळीच मुलं सामुदायिक बालगृहात असत. काही वसाहतींत ती रात्री आईबापांकडे झोपत, काहींत रात्रीही बालगृहातच. आईशी घट्ट, निर्धास्त नातं असण्याचं प्रमाण कमी दिसलं ते रात्रीही बाहेर झोपणाऱ्या मुलांत. दिवस दोन्हीकडे सारखाच होता. नणंदबाईंना मी हे मुद्दाम सांगितलं, कारण संध्याकाळी आणि रात्री बाळाजवळ असणं किती मोलाचं आहे ते यातून दिसतं, आणि तेवढं नोकरी करणाऱ्या आईच्या आणि बापाच्याही हातात असतं.

एक मोठा अभ्यास अमेरिकेतला. तिथल्या एनआयसीएचडी या बालआरोग्यावर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेने १९९१ मध्ये जन्मलेली हजाराहून जास्त मुलं दहा ठिकाणांहून निवडली आणि ती मोठी होईपर्यंत त्यांचा माग ठेवला. फक्त आईनेच सांभाळलेली मुलं आणि इतरांनीही सांभाळलेली मुलं यांच्या वाढीत सरसकट फरक आढळला नाही. आई मुलाकडे किती लक्ष देते, त्याच्या हाकेला कशी ओ देते, घरातलं वातावरण कसं आहे, याचा परिणाम सांभाळ कुठे होतो यापेक्षा जास्त होता. सव्वा वर्षाच्या मुलांचं आईशी नातं तपासलं तेव्हा नुसत्या पाळणाघराने ते बिघडल्याचं दिसलं नाही. बिघाड दिसला तो दोन गोष्टी एकत्र आल्या तिथे: घरी लक्ष कमी, आणि बाहेरचा सांभाळही हलक्या दर्जाचा, फार तासांचा किंवा सारखा बदलणारा.

आता याच अभ्यासातली दुसरी बाजू, कारण ती लपवली तर मेसेजवाल्यांत आणि माझ्यात फरक काय राहिला? लहान वयात खूप जास्त तास बाहेर राहिलेल्या मुलांत हट्ट, मारामारी, न ऐकणं थोडं जास्त दिसलं. ते प्रमाण सर्वसाधारण मुलांच्या मर्यादेतलंच होतं, पण होतं. कॅनडाच्या क्विबेक प्रांतानेही १९९७ साली दिवसाला पाच डॉलरमध्ये पाळणाघर सुरू केलं. त्याचा पुढे अर्थतज्ज्ञांनी अभ्यास केला तेव्हा मुलांमध्ये अस्वस्थता आणि आक्रमकपणा वाढलेला दिसला. जागा भराभर वाढवल्या होत्या आणि बऱ्याच ठिकाणांचा दर्जा जेमतेम होता, हेही तिथल्याच पाहणीत निघालं. म्हणजे वाईट पाळणाघर वाईटच असतं, आणि दहा-अकरा तास कोणत्याही तान्ह्या बाळाला जास्तच होतात. मेसेजने एवढंच म्हटलं असतं तर मी तो स्वतः पुढे पाठवला असता.

‘पूर्वीच्या आया घरी राहून मुलं वाढवायच्या.’

कोणाच्या आया? शेतावर जाणारी बाई बाळाला बांधावरच्या झाडाला झोळी बांधून त्यात ठेवायची आणि खुरपायला जायची. ऊसतोडीला जाणारी आजही मूल फडातच घेऊन जाते. वाड्यात राहणारी आई घरी होती खरी, पण चूल, विहीर, धुणं, पंगती यांतून तिला बाळ मांडीवर घेऊन बसायला कोणी दिलं? बाळ असायचं थोरल्या बहिणीच्या कडेवर. आठ-नऊ वर्षांची पोर धाकट्याला कमरेवर घेऊन दिवसभर फिरायची आणि त्यापायी तिची शाळा बुडायची.

हे नीट ओळखलं ते आपल्याच दोन बायकांनी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांजवळ नेलं. मुली शाळेत येत नाहीत कारण घरी तान्हं भावंड आहे, हे त्यांना दिसलं. मुलींना बोल लावण्यापेक्षा त्यांनी भावंडांचीच सोय केली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली आणि तिला विकासवाडी म्हटलं. बहीण वर्गात, मधलं भावंड बालवाडीत, तान्हं पाळण्यात. जी मुलं गुरं राखायला जात, त्यांच्यासाठी शाळाच कुरणावर नेली. पाळणाघर ही शहरी, पाश्चात्त्य, करिअरवाल्या बायकांची चूष आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी कोसबाडची ही हकिगत जरूर वाचावी. तिथे पाळणाघर गरिबाच्या मुलीला शाळेत बसता यावं म्हणून उभं राहिलं. दिल्लीत १९६९ साली मीरा महादेवन यांनी बांधकामावरच्या मजूर बायकांच्या मुलांसाठी मोबाईल क्रेशेस, म्हणजे फिरती पाळणाघरं चालवणारी संस्था, सुरू केली, तेही विटा-वाळूच्या ढिगाऱ्यात रांगणारी बाळं बघून.

‘आजी असो की बाई, मूल घरीच हवं.’

आजीबद्दल मी वावगं बोलणार नाही. दुधापेक्षा दुधावरची साय प्यारी असते, आणि धडधाकट, हौशी आजी-आजोबा घरात असतील तर पहिल्या वर्षात त्याच्यासारखं सुख नाही. पण एकदा त्यांना विचारा तरी. सत्तरीच्या बाईचे गुडघे दुखत असतात, दुपारी तिला पडावंसं वाटतं, आणि नुकतं चालायला लागलेलं मूल तिच्या हाताला लागत नाही. सासूबाई ‘नाही’ म्हणत नाहीत याचा अर्थ त्यांना झेपतंय असा होत नाही.

पगारी बाईचं मात्र वेगळं आहे. आठ-नऊ तास बंद दाराआड एक अनोळखी बाई आणि एक न बोलणारं मूल. ती चांगली असेल तर देवच पावला. पण ती कशी आहे हे कळणार कसं? आमच्या शेजारी एक बाळ असंच घरी सांभाळलं जायचं. मी एकदा दुपारी पार्सल द्यायला गेले. बाळ खुर्चीत पट्ट्याने अडकवलेलं, समोर ग्लासला टेकवलेला मोबाईल, त्यावर बडबडगीतं, आणि बाई बाजूने एकेक चमचा खिमट तोंडात सारत होती. बाळाची नजर स्क्रीनवरून हलत नव्हती, चमचा आला की तोंड आपोआप उघडत होतं. बाई दुष्ट नव्हती. तिला वाटी संपवायची होती, आणि ती काय करते ते बघणारं तिथे कोणी नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशीत दोन वर्षांच्या आत स्क्रीन अजिबात नको असं म्हटलंय. मूल ‘घरी’ आहे एवढ्याने ते पाळलं जात नाही.

‘पाळणाघरातली मुलं सारखी आजारी पडतात.’

सुरुवातीला पडतात, हे खरंच आहे. सर्दी, खोकला, कान दुखणं. पहिले काही महिने रजा शिल्लक ठेवा आणि बाबाचीही ठेवा. पण अमेरिकेतल्या टूसॉन शहरात मुलांवर वर्षानुवर्षं चाललेल्या अभ्यासात असं दिसलं की लहानपणी मोठ्या पाळणाघरात गेलेल्या मुलांना दोन वर्षांचं असताना सर्दी जास्त झाली, आणि शाळेच्या वयात घरी वाढलेल्यांपेक्षा कमी. आजार टळत नाही, आधी येतो. तान्ह्या बाळाला मात्र तो आधी येणं सोसत नाही, म्हणून पहिले सहा महिने तरी बाळ घरी राहावं असं मी आग्रहाने सांगते. कायद्याने २६ आठवडे भरपगारी रजा पहिल्या दोन मुलांसाठी मिळते, ती पुरती घ्या.

‘तिथे मुलांना मारतात.’

मेसेजखाली जो व्हिडिओ जोडतात तो २०१६ सालचा, खारघरच्या पाळणाघरातला. दहा महिन्यांच्या बाळाला मारलं होतं. ते खोटं नाही, आणि तो बघून ज्याचं काळीज हललं नाही असा माणूस मला भेटलेला नाही. पण तो प्रकार उघडा पडला कारण तिथे कॅमेरा होता. यातून निघतो तो प्रश्न असा, की पाळणाघर तपासतं कोण? घरगुती पाळणाघरं बहुतेक विश्वासावर चालतात. दाराला पाटी लागते, चार घरांत नाव होतं, बस्स. सरकारी पाळणाघर योजनेत २५ मुलांमागे एक सेविका आणि एक मदतनीस धरली आहे. त्या पंचवीसात आठ-दहा तान्ही असली तर ती दोन माणसं काय काय करणार? तान्ह्यांसाठी तीन-चार बाळांमागे एक बाई नसेल तर मी माझं मूल ठेवलं नसतं.

म्हणून तपासायचं काम सध्या आपल्यालाच करावं लागतं. सकाळी जाऊ नका, सकाळी सगळीकडे फरशी पुसलेली असते. दुपारी जेवणानंतर, न सांगता जा. आत घेतात की दारातच थोपवतात ते बघा. दारातच थोपवलं तर तिथूनच परत फिरा. आत गेल्यावर भिंतीवरची चित्रं सोडून द्या आणि लंगोट बदलताना बघा. बाई बाळाशी बोलते का? ‘चला, पाय वर करू, हं, झालं झालं’ असं काहीतरी चालू असतं, की बाळाचे पाय एका हाताने उचलून काम उरकलं जातं? माझ्या धाकट्याच्या पाळणाघरातल्या काकू डाळभात भरवताना प्रत्येक मुलाला नावाने हाक मारून घास द्यायच्या, आणि एखाद्याने तोंड फिरवलं तर थांबायच्या. तेवढं बघून मी निर्णय घेतला होता. टीव्ही चालू आहे का ते बघा. झोपलेल्या मुलांजवळ कोणी बसलंय का ते बघा. आणि मदतनीस बाईला सहज विचारा, ‘किती दिवस झाले इथे?’ दर दोन महिन्यांनी माणसं बदलत असतील तर बाळाला लळा लागायचा कोणाचा?

‘अर्धा पगार पाळणाघराला, मग नोकरी कशाला?’

पाळणाघराची फी आईच्याच पगारातून का वजा होते? मूल दोघांचं, तर खर्चही दोघांच्या पगारावर मांडा, मग तो अर्धा उरत नाही. शिवाय तीन वर्षं नोकरी सोडली तर फक्त तीन वर्षांचा पगार जात नाही. बढती जाते, पीएफ जातो, आणि पुन्हा दार ठोठावताना ‘मधे गॅप का?’ हे ऐकावं लागतं. २०१९ च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीत स्वतःच्या घरातलं काम करणाऱ्या बायका त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं घालवतात असं निघालं, आणि ते करणारे पुरुष ९७ मिनिटं. बाळाला वेळ कमी पडतो तो नेमका कुठे जातो, हे या दोन आकड्यांत दिसतं. बापाने घरी येऊन कुकर लावला, कपडे वाळत घातले, तर आईचा तासभर बाळाला मिळतो. बाळाच्या त्या पत्रात बाबाला उद्देशून एक ओळही नाही, हे मला सगळ्यात जास्त लागलं.

मी नणंदेला जे सांगितलं ते इथेही लिहिते. २०१७ च्या दुरुस्तीनंतर मातृत्व लाभ कायद्याने ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करणं बंधनकारक केलं, आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाला भेटायला जायची मुभा दिली. तिच्या ऑफिसात कितीतरी जास्त माणसं आहेत आणि पाळणाघर नाही. तिने रजेवरूनच एचआरला मेल लिहिला आहे: आपलं पाळणाघर कुठे आहे, आणि नसेल तर कधी होणार? आता तिच्या नवऱ्यानेही त्याच्या ऑफिसात तोच मेल पाठवायचा आहे.