‘इतिहास-भूगोलाला कसलं आलंय प्रशिक्षण?’ या मेसेजला उत्तर

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. आशय असा: माध्यमिकच्या इतिहास-भूगोल शिक्षकांची प्रशिक्षणं बंद करा. पुस्तक वाचलं की हे विषय शिकवता येतात, तिथे चहा-नाश्ता नि सह्यांपलीकडे काही होत नाही, मुलांचे तास बुडतात आणि हवं ते मोबाइलवर मिळतंच.

नववी-दहावीला हेच विषय शिकवतो, म्हणून लिहितोय.

‘पुस्तक वाचलं की झालं’ हे तर दहावीचं २०१८ पासूनचं इतिहासाचं पुस्तक उघडलेला माणूस म्हणणारच नाही. इतिहास लिहितात कसा, त्याची साधनं कोणती, त्याचा उपयोग कुठे होतो, यावर त्यात भर आहे. आमच्या पिढीने कॉलेजात पेशवाई आणि स्वातंत्र्यलढा पाठ केला. एखादा जुना कागद मुलांकडून तपासून कसा घ्यायचा, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.

इथलंच उदाहरण घ्या. खानदेश १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला, १८२५ मध्ये औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्लांची पलटण उभारली. त्या काळच्या इंग्रजी कागदांत भिल्ल म्हणजे लुटारू, असं वर्णन पुन्हा पुन्हा येतं. शहाद्याच्या किंवा अक्कलकुव्याच्या वर्गात असा उतारा वाचायचा आणि समोर भिल्ल, पावरा मुलं बसलेली. गाळायचा की तसाच वाचायचा? एका कार्यशाळेत आम्हाला असाच उतारा देऊन गटात बसवलं होतं. लिहिणारा कोण, चाकरी कुणाची करतो, कुणासाठी लिहितोय, आणि ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांचं म्हणणं कुठंय, एवढेच प्रश्न दिले होते. बराच वेळ कुणी बोलेना. मग एका मॅडमनी विचारलं, “घाटवाटांची राखण हेच लोक करायचे ना? त्याबद्दल मिळणाऱ्या हक्कांचं पुढे काय झालं, ते यात का नाही?” तिथून बोलणं महसुलावर गेलं, जंगलावर गेलं, १८५७ च्या उठावात सातपुड्यात लढलेल्या खाज्या नाईकापर्यंत पोचलं. तो उतारा मी आता वर्गात वाचतो. मुलं स्वतःच हे प्रश्न विचारतात.

भूगोलाचंही तेच. दहावीच्या पुस्तकाचा पहिलाच पाठ क्षेत्रभेट. साक्री तालुक्यात पांझरा नदीकाठी फड पद्धतीने, म्हणजे गावाने मिळून शेतीला वाटून दिलेलं पाणी शेकडो वर्षांपासून फिरत आलंय: बंधारा, पाट, एका फडात एकच पीक, पाणी सोडायला पाटकरी. मुलांना तिथे नेलं तर ती फोटो काढून परत येतील. आधी प्रश्नावली करून नेलं, तर टोकाच्या शेतकऱ्याला पाणी कधी मिळतं आणि ते ठरवतं कोण, हे विचारून येतील. अशी प्रश्नावली करायला शिकावं लागतं, आणि चार सहकाऱ्यांबरोबर बसून ते लवकर जमतं.

चहा-नाश्ता आणि सह्यांची तक्रार मात्र खोटी नाही. हॉलमध्ये शे-दीडशे शिक्षक कोंबायचे, एकाने दिवसभर स्लाइड वाचून दाखवायच्या, अशी प्रशिक्षणं मीही बसून काढलीत आणि चिडलोय. पण यातून मागणी निघते ती चांगल्या प्रशिक्षणाची. एक मास्तर वाईट शिकवतो म्हणून गावची शाळा कुणी बंद करत नाही.

तास बुडण्याचं म्हणाल, तर २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तासांचं प्रशिक्षण सांगितलंय. रोजचे ६ तास धरले तर ९ दिवसही भरत नाहीत. परीक्षेच्या तोंडावर न घेता सत्राच्या सुरुवातीला किंवा सुट्टीला जोडून घेतले, तर हा प्रश्न बराचसा सुटतो.

राहिला मोबाइल. दीक्षा या सरकारी ॲपवरचे ‘निष्ठा’ नावाचे शिक्षक-प्रशिक्षणाचे कोर्स मी केलेत, त्यातलं काही उपयोगीही पडलं. पण धडगावच्या डोंगरात व्हिडिओ गोल गोल फिरत बसतो, ही एक अडचण. दुसरी मोठी: कित्येक शाळांत इतिहास, भूगोल आणि जोडीला मराठी एकच शिक्षक शिकवतो. स्टाफरूममध्ये त्याच्या विषयाचं दुसरं माणूसच नाही. अडलं तर विचारायचं कुणाला? व्हिडिओला उलट प्रश्न विचारता येत नाही.

म्हणून हा मेसेज पुढे ढकलणाऱ्यांना एक विनंती. त्याऐवजी आपल्या जिल्ह्याच्या डाएटला, म्हणजे शिक्षकांना प्रशिक्षण देणाऱ्या सरकारी संस्थेला, पत्र लिहा. तीस-चाळीस शिक्षकांचाच गट करा म्हणावं, आणि एक दिवस तरी धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात ठेवा, जुन्या कागदांसमोर. पत्राचा मसुदा मी तयार केलाय, मागाल त्याला पाठवतो.